दिव्याचे गाव : ऊर्जासंक्रमण आणि बसवनगुडी

भारतीय भाषांत 'ऊर्जा' या विषयावर जे लिहिले जाते ते बहुधा अभियंत्यांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी लिहिलेले असते, आणि साहित्याचा अभ्यासक ते आपल्या कक्षेबाहेरचे मानून बाजूला ठेवतो. ही विभागणी प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कोळसा, तेल यांसारखी जाळून संपणारी इंधने सोडून सूर्य, वारा, पाणी यांच्याकडे वळण्याची जी प्रक्रिया आज जगभर चालू आहे, तिचे तंत्र अभियंत्यांच्या स्वाधीन असले तरी तिची किंमत कोण देतो हा प्रश्न आपल्या कादंबऱ्यांनी आणि चळवळींच्या वाङ्मयाने फार आधी विचारलेला आहे. येथे तो बेंगळुरूतील बसवनगुडी या एका जुन्या वसाहतीच्या आधाराने मांडण्याचा विचार आहे. १८९८च्या प्लेगानंतर वाढीस लागलेल्या या वसाहतीत कन्नड विद्याव्यवहाराचे मोठे केंद्र उभे राहिले. मास्ती वेंकटेश अय्यंगार, डी. व्ही. गुंडप्पा यांची वस्ती येथलीच. ऊर्जेच्या इतिहासाचीही जवळजवळ प्रत्येक पायरी येथल्या घराघरांतून दाखवता येते.

प्रथम शब्दांकडे पाहू. कारण या विषयात शब्दांनी बराच घोटाळा केलेला आहे. १९८२मध्ये केंद्र सरकारने एक विभाग स्थापन केला. त्याच्या नावाचे मराठी रूप 'अपारंपरिक ऊर्जा स्रोत' असे झाले. १९९२मध्ये त्याचे मंत्रालय झाले, तेव्हाही 'अपारंपरिक' हा शब्द कायम राहिला. या नामकरणात एक गंमत आहे. ज्या देशात हजारो वर्षे धान्य उन्हात वाळले, शीड वाऱ्यावर फुगले आणि चूल शेणी-लाकडावर पेटली, त्या देशात ऊन, वारा आणि शेण हे 'अपारंपरिक' ठरले आणि दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी आलेला दगडी कोळसा 'पारंपरिक' ठरला. ज्याची परंपरा होती तो समाज आणि ज्याने शब्द घडवला तो कार्यालयीन वर्ग यांच्यात किती अंतर होते, याचा हा लहानसा पुरावा होय. २००६मध्ये मंत्रालयाचे नाव बदलून 'नवीन व नवीकरणीय' असे झाले. पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून मात्र 'अपारंपरिक' अद्याप गेलेला नाही.

त्याहून अवघड शब्द 'शाश्वत'. मराठीने 'शाश्वत विकास', 'शाश्वत ऊर्जा' असे प्रयोग रूढ केले. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत शाश्वत म्हणजे ज्याला क्षय नाही, जे काळाच्या पलीकडचे आहे ते. धरणाच्या तळाशी गाळ साचतो, सौर पॅनेल पंचवीस-तीस वर्षांत निकामी होते, पवनचक्कीचे पाते झिजते. यांपैकी एकालाही तो शब्द शोभत नाही. कन्नडने याच ठिकाणी 'सुस्थिर' हा शब्द घेतला आणि हिंदीने 'टिकाऊ' किंवा 'सतत' असे पर्याय वापरले. कन्नड शब्द अधिक नेमका आहे असे आमचे मत आहे. कारण स्थैर्य हे राखावे लागते, शाश्वतता आपोआप असते. 'शाश्वत' म्हटल्याबरोबर प्रश्न विचारण्याची निकडच कमी होते.

तिसरा शब्द 'संक्रमण', आणि हा मात्र चांगला जमलेला आहे. सूर्याचे एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणे ते संक्रमण. बसवनगुडीला लागून असलेल्या गविपुर येथील गवि गंगाधरेश्वराच्या गुंफामंदिरात मकरसंक्रांतीच्या दिवशी मावळतीचे ऊन नंदीच्या दोन शिंगांच्या मधून आत शिरते आणि लिंगावर पडते. ते पाहण्यासाठी दरवर्षी गर्दी लोटते. आकाशात ढग आले की तो योग चुकतो. सौरऊर्जेसंबंधीचे पहिले तांत्रिक सत्य येथे कोणत्याही यंत्रावाचून समजते. ऊन विपुल आहे, पण ते आपल्या वेळेने येते, आपल्या सोयीने नव्हे. पुढे साठवणुकीचा जो बिकट प्रश्न येणार आहे त्याचे मूळ येथे आहे.

आता इतिहासाकडे वळू. म्हैसूर संस्थानात दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीजनिर्मितीचे काम हाती घेण्यात आले आणि ३० जून १९०२ रोजी तेथील वीज सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली. त्या काळी इतक्या लांबीच्या विद्युद्वाहिन्या जगात मोजक्याच होत्या. येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की वीज प्रथम ब्रिटिश कंपनीच्या खाणींत गेली. बेंगळुरूचे रस्ते तिने १९०५मध्ये उजळले. कावेरीकाठच्या खेड्यांची पाळी त्यानंतर दीर्घकाळाने आली. नदी एका ठिकाणी, दिवा दुसऱ्या ठिकाणी आणि नफा तिसऱ्याच ठिकाणी, ही आकृती पहिल्याच दिवशी पक्की झाली. पुढे उन्हाळ्यात शिवनसमुद्राचा प्रवाह रोडावू नये म्हणून वरच्या अंगास कृष्णराजसागर धरणाची योजना आली. १९११मध्ये काम सुरू झालेल्या या धरणाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत घडलेले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे मराठी वाचकास ते परिचित आहेत. त्या धरणाच्या पाण्यात कन्नंबाडी हे गाव बुडाले.

ज्याला आज 'ऊर्जासंक्रमण' म्हणतात ते बेंगळुरूच्या बाबतीत एका अर्थाने परतीचे आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९८५मध्ये रायचूरचे औष्णिक केंद्र सुरू होईपर्यंत कर्नाटक राज्य विजेसाठी जवळजवळ सर्वस्वी पाण्यावर अवलंबून होते. म्हणजे आजच्या कसोटीने पाहिले तर त्या काळच्या बसवनगुडीतील दिवा धूररहित होता. पावसाने ओढ दिली की वीजकपात येई आणि त्या कपातींनी त्रासलेल्या राज्याने मग कोळशाचा मार्ग धरला. तेव्हा 'कोळशाकडून निसर्गाकडे' अशी सरळ रेषेतली कथा येथे लागू पडत नाही. पाणी, मग पाणी आणि कोळसा, आणि आता पाणी, कोळसा, ऊन व वारा असे हे थरावर थर आहेत. जुना थर नाहीसा होत नाही, त्यावर नवा चढतो. जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या एकूण वीजनिर्मिती-क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता जीवाश्म इंधनांवाचूनची आहे. परंतु क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. रात्री आणि ढगाळ दिवशी सौर केंद्र स्वस्थ असते. वर्षभराचा हिशेब केला तर ते आपल्या पूर्ण क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच वीज देते. म्हणून प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अजूनही सर्वांत मोठा आहे.

धूररहित दिव्याचीही किंमत होती, आणि ती कोणी दिली हे सांगण्याचे काम साहित्याने केले. युरोपात जलविद्युतेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'पांढरा कोळसा' असे नाव पडले होते. त्या पांढऱ्या रंगाखाली काय झाकले गेले याची साक्ष सह्याद्रीच्या दोन्ही टोकांकडून मिळते.

दक्षिणेकडची साक्ष शरावतीची. १९४८मध्ये जोग येथील केंद्र सुरू झाले आणि १९६४मध्ये लिंगनमक्की धरण पूर्ण झाले. राज्याची राजधानी दीर्घकाळ या नदीच्या विजेवर उजळली. सागर तालुक्यातील खेडी, सुपारीच्या बागा आणि देवस्थाने पाण्याखाली गेली. ना. डिसोझा (१९३७–२०२५) हे कन्नड कादंबरीकार सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असताना या प्रकल्पाच्या परिसरात होते. 'मुळुगडे' आणि 'द्वीप' या त्यांच्या कादंबऱ्या त्या अनुभवातून आल्या. 'द्वीप'मध्ये बुडवण्याचा प्रसंग एका दिवसाचा नाही. पाणी दरवर्षी थोडे अधिक वर चढते, शेजारी एकामागून एक निघून जातात आणि टेकडीवर उरलेले घर हळूहळू बेट होते. विस्थापन ही घटना नसून अवधी आहे, हे या रचनेने जितके पटते तितके कोणत्याही अहवालाने पटत नाही. गिरीश कासरवळ्ळी यांनी या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा कर्नाटकाबाहेरच्या प्रेक्षकांना शरावती नव्याने कळली.

उत्तरेकडची साक्ष मुळशीची, आणि ती चार दशके आधीची आहे. टाटांच्या जलविद्युत योजनांतून खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही केंद्रे उभी राहिली. वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि आगगाड्यांसाठी होती. पाणी मावळच्या खोऱ्यांचे होते. मुळशी येथे १९२१मध्ये सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी त्यातूनच मिळाली आणि वि. म. भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तांत ग्रंथबद्ध केला. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याची जी चिकित्सा केली आहे तिच्यातील एक मुद्दा प्रस्तुत विषयाला फार महत्त्वाचा आहे. खोऱ्यातील बऱ्याच जमिनींची मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा मालकाचे हित आणि कसणाऱ्या मावळ्याचे हित एक राहिले नाही. मालकाला रक्कम मिळू शकत होती, कसणाऱ्याचे सर्वस्व जात होते. लढा मोडण्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते. ही फट ध्यानात ठेवावी, शंभर वर्षांनी ती पुन्हा दिसणार आहे.

मराठीत पुढे विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) आली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. डिसोझा बांधकाम खात्यातले, पाटील महसुली प्रशासनातले. धरणग्रस्तांच्या जीवनावरच्या या दोन महत्त्वाच्या कन्नड-मराठी कृती सरकारी दप्तराच्या आतून आलेल्या माणसांनी लिहिल्या, हा योगायोग नसावा. दप्तरात जे लिहिले जाते आणि जे लिहिण्यास रकानाच नसतो, त्यांतील अंतर त्यांना रोज दिसत होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी या दोन कृती शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीत एक कुटुंब, दुसरीत सबंध गाव; एकीत शांतता, दुसरीत कोलाहल. कादंबरी म्हणून 'द्वीप' अधिक बांधेसूद आहे, पण कार्यालयीन भाषेचा जाच 'झाडाझडती'त जसा उतरला आहे तसा अन्यत्र क्वचितच उतरला असेल.

येथवरची कथा दूरच्या नदीची आणि जवळच्या दिव्याची. तिला एक अपवाद आहे, आणि तो बसवनगुडीच्या गच्च्यांवर दिसतो.

जुन्या बसवनगुडीतील घरांत न्हाणीघरात तांब्याचे मोठे भांडे चुलीवर बसवलेले असे. त्याला कन्नडमध्ये 'हंडे' म्हणतात. मराठीतला 'हंडा' त्याचाच सोयरा, जरी आपल्याकडे पाणी तापवण्याचे काम पुढे बंबाने घेतले. लाकूडफाटा, नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या हे त्याचे इंधन. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हंडे घासून, सजवून भरण्याचा जो विधी कर्नाटकात 'नीरु तुंबुव हब्ब' म्हणून पाळला जातो, तो आपल्या अभ्यंगस्नानाच्या तयारीचा सख्खा भाऊ होय. बेंगळुरूची हवा थंड, त्यामुळे ऊन पाण्याची गरज बाराही महिने. हंड्याची जागा विजेच्या गिझरने घेतली आणि शहरभरच्या गिझरांचा भार रोज सकाळी एकाच वेळी वीजयंत्रणेवर पडू लागला.

त्यावर उपाय म्हणून गच्चीवर सौर बंब आला. त्याची क्रिया साधी आहे. काळ्या पृष्ठभागावर ऊन पडते, त्याला चिकटलेल्या नळ्यांतील पाणी तापते, तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते आणि थंड पाणी खाली येते. टाकीस उष्णतारोधक आवरण असल्याने दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ऊन राहते. विजेचा खर्च नाही, आणि साठवणुकीचा प्रश्न टाकीनेच सोडवलेला. २००७च्या सुमारास राज्याने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या नव्या घरांना असा बंब सक्तीचा केला आणि वीजबिलात महिन्याला ५० रुपयांपर्यंत सूट दिली. सौर बंबांच्या प्रसारात बेंगळुरू देशातील अग्रेसर शहर ठरले ते सक्ती, सवलत आणि हवामान या तिन्हींच्या मेळाने. आपल्या गरजेचा भार आपल्याच छपरावर, कोणाचेही शेत न बुडवता, हे या यंत्राचे खरे वैशिष्ट्य आहे.

यामागे एक विचार होता आणि तो याच शहरात तयार झाला. भारतीय विज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ अमूल्य रेड्डी यांनी १९७४मध्ये ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञान वापरण्याचे एक केंद्र सुरू केले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'अस्त्र' हा शब्द झाला. त्या केंद्राने तयार केलेल्या सुधारित चुलीचे नाव 'अस्त्र ओले'. कन्नडमध्ये 'ओले' म्हणजे चूल. मराठी वाचकास ते नाव ओल्या सरपणाची आठवण करून देईल, आणि तो दोष चुलीचा नाही. कुणिगल तालुक्यातील पुर या खेड्यात या मंडळींनी सामुदायिक गोबरगॅस संयंत्र उभारले. स्वयंपाकासाठी गॅस द्यावा हा पहिला बेत. गावातील शेण त्याला पुरेना. तेव्हा गावाला अधिक निकड कशाची आहे याचा शोध घेतला गेला आणि १९८७पासून त्या गॅसवर इंजिन चालवून पिण्याचे पाणी उपसले व घरांत दिवे लावले. शेण आणून देणाऱ्यास मोबदला आणि वापरून झालेले शेणखत परत, अशी व्यवस्था होती. ती सुमारे दहा वर्षे चालली.

रेड्डी यांचे म्हणणे असे की माणसाला वीज नको असते. त्याला उजेड, पाणी, शिजलेले अन्न हवे असते. तेव्हा हिशेब युनिटांपासून नव्हे, गरजांपासून सुरू झाला पाहिजे. १९८७च्या सुमारास राज्याने नव्या वीजप्रकल्पांचा एक दीर्घ मुदतीचा आराखडा मांडला, तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर पर्यायी आराखडा तयार केला. त्यात विजेच्या गिझरऐवजी सौर बंब, कमी वीज खाणारे दिवे, अधिक कार्यक्षम पंप यांची मोजणी होती आणि निष्कर्ष हा की बरीचशी नवी केंद्रे उभारण्याची गरजच पडणार नाही. गोल्डेम्बर्ग, योहान्सन आणि विल्यम्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला १९८८चा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. राज्याने तो पर्याय समग्र रूपात कधी स्वीकारला नाही. बंबापुरता तो गच्चीवर आला, एवढेच.

आज त्या गच्चीसमोरही अडचणी आहेत. बैठी घरे पाडून बहुमजली इमारती होत आहेत, आणि आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत छप्पर कोणाचे हा प्रश्न तंत्राचा नसून शेजारधर्माचा आहे. बसवनगुडीच्या रस्त्यांवरील जुने वृक्ष गच्च्यांवर सावली धरतात. पॅनेलासाठी झाड तोडणे हे कोणत्या हिशेबात बसवायचे? २०२३मध्ये कर्नाटकात महिना २०० युनिटांपर्यंतची घरगुती वीज मोफत झाली. गरीब घरांना तिचा दिलासा निश्चित मोठा आहे, परंतु मध्यम घराला गच्चीवर पैसे गुंतवण्याचे कारण त्यामुळे दुबळे झाले. उलट २०२४मध्ये केंद्राने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना अनुदानासह आणली. एकाच छपरावर दोन सरकारांची दोन धोरणे परस्परांना छेद देत आहेत.

शिवाय कितीही गच्च्या भरल्या तरी कारखाने, रेल्वे आणि पाणीपुरवठा त्यांवर चालणार नाही. बेंगळुरूला पिण्याचे पाणी कावेरीहून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून उपसून आणावे लागते, आणि त्या उपशाला प्रचंड वीज लागते. म्हणून दिवा पुन्हा दूरच्या गावाकडे वळतो. या वेळी ते गाव आहे पावगडा.

तुमकूर जिल्ह्यातील या तालुक्याला तीन बाजूंनी आंध्रप्रदेश वेढतो. अनेक घरांची बोली तेलुगू आहे. पाऊस थोडा, दुष्काळ वारंवार, आणि कोरडवाहू शेतीतले मुख्य पीक भुईमूग. बसवनगुडीत कार्तिकातील शेवटच्या सोमवारी मोठ्या बसवण्णाच्या देवळापाशी 'कडलेकाई परिषे' म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. पिकाची नासधूस करणाऱ्या बैलाला शांत करण्यासाठी पहिल्या शेंगा देवाला वाहाव्यात, अशी तिची कथा आहे. शेंगेच्या पिकाशी नाते सांगणाऱ्या या वसाहतीला वीज पुरवण्यात आता शेंगेच्याच रानावर उभ्या राहिलेल्या काचांचा वाटा आहे. पावगड्यात पाच गावांच्या सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॉट क्षमतेचे सौर उद्यान २०१९च्या अखेरीस पूर्ण झाले. ते जगातील सर्वांत मोठ्या सौर उद्यानांपैकी एक आहे.

येथे एक गोष्ट मुळशीपेक्षा आणि शरावतीपेक्षा निश्चित चांगली घडली, आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. जमीन संपादन करण्यात आली नाही; ती दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेण्यात आली. एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ, अशा अटी ठरल्या. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्याला ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम मिळू लागली. देशातील इतर राज्यांनी अनुकरण करावे असा हा नमुना आहे.

तरीही मुळशीची ती फट येथे पुन्हा उघडली. भाडे मालकाला मिळते. ज्याच्या नावावर जमीन नाही, जो निंदणी-काढणीच्या मजुरीवर जगत होता, ज्याच्या शेळ्या पडीक रानात चरत होत्या, त्याच्याशी कोणी करार केला नाही. कारण करार करण्यासाठी त्याच्यापाशी सातबारा नव्हता, कर्नाटकाच्या भाषेत 'पहाणी' नव्हती. पॅनेल धुणे, गवत कापणे, पहारा देणे अशी थोडी कामे निघाली, पण तेरा हजार एकर शेतीला लागणाऱ्या हातांपुढे ती फारच तोकडी. मोठ्या जमिनीच्या मालकाचे भाडे मोठे, लहानाचे लहान आणि भूमिहीनाचे शून्य. मुळशीत मोबदल्याच्या रकमेने जे केले तेच येथे भाड्याच्या रकमेने केले.

बसवनगुडीत डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५मध्ये स्थापन केलेली सार्वजनिक व्यवहारांच्या अध्ययनाची संस्था गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने चालते; गुंडप्पांनी गोखल्यांचे चरित्र कन्नडात लिहिले. मराठी माणूस ती पाटी कौतुकाने पाहतो आणि पुढे जातो. शिवनसमुद्राची वीज सुरू झाली त्याच वर्षी, मार्च १९०२मध्ये, गोखल्यांनी कायदेमंडळात अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते म्हणजे प्रजा सुखी आहे असे होत नाही; ती शिल्लक कोणाकडून आली ते पाहा, हा त्या भाषणाचा रोख होता. मेगावॉटांच्या आजच्या बेरजेला तीच कसोटी लागू करता येते. कार्बनचा हिशेब चोख होईल आणि तरी पावगड्यातील मजुराचा रकाना कोराच राहील, हे शक्य आहे. भाडेकरारातच भूमिहीन कुटुंबांसाठी विजेच्या उत्पन्नाचा काही हिस्सा राखून ठेवणे अशक्य नाही. ते करण्यास नवे तंत्र लागत नाही.

राहिला साठवणुकीचा प्रश्न. शहराची मागणी संध्याकाळी चढते आणि ऊन तर मावळलेले असते. त्यासाठी दुपारची जादा वीज वापरून खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज मिळवायची, ही पद्धत जगभर वापरली जाते. चार युनिटे खर्चून सुमारे तीन परत मिळतात. तरीही ती परवडते, कारण दुपारचे युनिट स्वस्त असते आणि संध्याकाळचे महाग. मराठीत शासनाने तिला 'उदंचन' हा शब्द योजला आहे. पाणी वर खेचणे हा त्या संस्कृत शब्दाचा अर्थ, आणि तो यथार्थ आहे. मात्र या पद्धतीला उंच-सखल भूमी आणि जवळजवळ असलेले दोन जलाशय लागतात. ते कोठे आहेत? जेथे पूर्वी धरणे झाली तेथेच. ऑगस्ट २०२३मध्ये महाराष्ट्र शासन आणि टाटा पॉवर यांच्यात पुणे जिल्ह्यात शिरवता येथे १,८०० आणि रायगड जिल्ह्यात भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. म्हणजे पुन्हा मावळची खोरी.

कर्नाटकात ही पाळी शरावतीवर आली आहे. तळकळले आणि गेरुसोप्पे या दोन जलाशयांच्या मधल्या डोंगरातून बोगदे काढून २,००० मेगावॉटचा प्रकल्प उभारण्याची योजना आहे. जलाशय आधीच असल्यामुळे या वेळी बुडणारी जमीन थोडी, हा योजनेच्या बाजूचा खरा आणि वजनदार मुद्दा आहे. विरोधी बाजूचा मुद्दाही तितकाच खरा आहे : हा डोंगर सिंहपुच्छ वानरांच्या अभयारण्यात येतो आणि तेथील सदाहरित वन एकदा तुटले तर लावून उगवत नाही. सागर-होन्नावर भागात या योजनेविरुद्ध सभा होत आहेत. त्या सभांत बोलणाऱ्यांपैकी कित्येकांचे आजे-पणजे लिंगनमक्कीच्या पाण्याने उठवलेले. त्या वेळी ज्या वनजमिनींवर त्यांना नेऊन वसवण्यात आले, त्यांची हक्कपत्रे साठ वर्षांनंतरही अनेक कुटुंबांच्या हाती आलेली नाहीत आणि त्यासाठीचे अर्ज शिवमोग्ग्याच्या कार्यालयांतून अजून फिरत आहेत.